फाटकाशी बसणारी भिंगरी

४ मार्च

मामा,

तुझ्या घरी येऊन अकरा दिवस झाले. रोज सकाळी ठरवतो, आज मामाला पत्र लिहायचं, आणि रोज काहीतरी निघतं. पहिल्या दिवशी पेन सापडेना. दुसऱ्या दिवशी सापडलं, पण भिंगरीच्या तोंडात. तिसऱ्या दिवशी कागद शोधायला तुझ्या कामाच्या खोलीत गेलो, तर बांधणीला आलेल्या जुन्या नकाशांचा गठ्ठा दिसला. तो चाळत बसलो आणि दुपार गेली. एका नकाशात समुद्राच्या मधोमध कुणीतरी पेन्सिलने खुर्ची काढलीय, बघितलीस का तू? असो. खरं कारण यातलं एकही नाही. चांगलं लिहिण्यासारखं काही नव्हतं आणि वाईट लिहायला हात उचलत नव्हता, एवढंच.

फोन करता आला असता. पण ताईच्या घरी तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि शेजारी ताई. ती तुझी लेक, औषधांच्या दुकानात उभी राहून दमून येते आणि तरी तुझं सगळं वेळेवर करते, त्याबद्दल वादच नाही. पण भिंगरीबद्दल तिच्यासमोर मोकळं बोलता येत नाही. तूच म्हणालास, पत्र टाक. टाकतोय.

ताईने तुला कितपत सांगितलंय ठाऊक नाही, म्हणून एकदा नीट लिहितो. तिचं म्हणणं, भिंगरी पायात आली म्हणून तू पडलास आणि खुबा मोडून घेतलास. ती घरात असेल तर तुला घरी पाठवायचं नाही. गावाबाहेर एक गोदामवाला आहे, त्याला राखणीला कुत्रं हवंय. दिवसभर साखळी, रात्री मोकळं. ३० तारखेला त्याची गाडी येणार. मी खूप गयावया केली तेव्हा ताई म्हणाली, "कुणीतरी कळत्या माणसाने मला कागदावर लिहून द्यावं, की ही बसवली तिथे बसते, थांबवली तिथे थांबते आणि बोलावली की येते. तीन गोष्टी. मग बघू." कळता माणूस म्हणजे मी नाही, हे तिने वेगळं सांगितलं नाही. त्याची गरजही नव्हती.

म्हणून मी भिंगरीचं नाव शाळेत घातलंय. कुत्र्यांना अडथळ्यांची शर्यत शिकवतात तो वर्ग, दिवसाआड सकाळी, बंद पडलेल्या स्केटिंगच्या मैदानात. कमरेएवढा कठडा आणि एक लोखंडी फाटक. आत उडी मारायचे आडवे दांडे, कापडी बोगदा, सीसॉ, बारा काठ्यांची एक रांग (तिच्यातून कुत्र्याने डावी-उजवीकडून सुईदोऱ्यासारखं जायचं) आणि एक बुटकं टेबल. टेबलावर चढून नुसतं बसायचं. मला वाटलं ते सगळ्यात सोपं असेल.

शिकवणाऱ्या बाई पूर्वी शाळेत पीटी शिकवायच्या. गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे. नाव विचारलं तर म्हणाल्या, "बाईच म्हणा, सगळे म्हणतात." पहिल्या दिवशी भिंगरी बोगद्यात शिरली आणि निघालीच नाही. मग बोगदाच निघाला. म्हणजे ती तो अंगावर घेऊन मैदानभर पळाली. वर्गात एक दातांचे डॉक्टर येतात, त्यांचं कुत्रं लांबोडकं आणि म्हातारं, ते आयुष्यात पहिल्यांदा पळताना दिसलं म्हणे.

टेबलाची गंमत सांगायची राहिली. टेबलावरून उतरायची परवानगी द्यायला मी शब्द ठरवला, 'चल'. दहा सेकंद छान बसली. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, कुत्री हुशार दिसते. मी म्हणालो, "चल, काहीतरीच." झालं. डॉक्टरांच्या छातीवर दोन पाय. तेव्हापासून मोजतोय मामा, मी दिवसाला निदान चाळीस वेळा 'चल' म्हणतो. बाई म्हणाल्या, "तिला शिकवू नका. आधी स्वतः काय बोलता ते ऐकायला शिका."

मी इथे ३० पर्यंत आहेच. पहिल्या तारखेपासून बोटी रंगवणाऱ्या एका टोळीत काम मिळतंय, ते नंतरचं नंतर बघू. आता दूध आणायला निघतो. निघणंही सोपं नाही. 'येतो' म्हटलं की बाईसाहेब दाराला पाठ लावून बसतात. ढकलून बाहेर पडावं लागतं. हे खूळ कुठून आलं तिच्यात?

तुझा भाचा


८ मार्च

भाचेबुवा,

पत्र पोचलं. अकरा दिवसांत पोचलं म्हणजे तुझ्या मानाने उलट टपालीच म्हणायचं. गेल्या खेपेस तू गेलास तेव्हा तुझं पहिलं पत्र सहा महिन्यांनी आलं होतं आणि त्यात नुसता एका उंटाचा फोटो होता.

माझं बरं आहे. वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जातो. ताई मागून चालते. मी मुतारीत गेलो तरी ती बाहेर उभी राहून विचारते, ठीक आहे ना. तिच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं, पण तिच्या जागी मी नाही.

काही सूचना. खळ करून ठेवली असशील तर झाकण घट्ट लाव. भिंगरीला खळ आवडते आणि मग तिचं तोंड चिकटतं. नकाशे शिकंज्यात आहेत तसेच राहू दे, दांडा फिरवू नकोस. वरच्या फळीवरचं काही काढायला जाऊ नकोस, ते स्टूल डुगडुगतं.

तुझ्या बाई बरोबर बोलतात. पट्टा किती ओढून धरायचा ते मी सांगतो. पुस्तक शिवताना दोरा फार ओढला की कागद कापतो, फार सैल सोडला की पानं हलतात. हाताला कळतं किती ते. तुझ्या हाताला कळायला तू एका जागी तीन आठवडे तरी बसायला हवंस. बसला आहेस, तर कळेल.

माझ्या पडण्याबद्दल ताई सांगते ते सांगते. ते उकरत बसू नकोस. तीन गोष्टी शिकव, कागद आण.

ती झोपते कुठे? कापायच्या यंत्राखाली झोपत असेल तर तिथे गोणपाट टाक, फरशी गार असते.

मामा


१४ मार्च

मामा,

गोणपाट टाकलं. त्यावर मी झोपतो, ती माझ्या गादीवर.

बातमी चांगली आहे. भिंगरी बारा काठ्यांतून एकही न चुकवता जाते. शेवटच्या तीन तर अशा पार करते की नुसतं शेपूट दिसतं. सीसॉवर आधी मधोमध पोचली की फळी आपटायची आणि ती हवेत. आता मध्यावर थांबते, फळी खाली जाईपर्यंत वाट बघते आणि मग ऐटीत उतरते. दांडे ओलांडते. टेबलावर मी साठपर्यंत आकडे मोजले तरी बसून असते. 'चल'च्या जागी 'हं' म्हणून बघितलं, पण तेही मी सारखं म्हणतो असं निघालं. तेव्हा 'चल'च ठेवलं आणि बाकी वेळी तोंड आवरतो. मधले दोन दिवस मी इतका गप्प होतो की शेजारच्या काकूंनी काढा आणून दिला.

माझ्या पायांचं वेगळंच. बाई म्हणतात, कुत्री तुमच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघते. तुमचा पाय जिकडे वळतो तिकडे ती उडी मारते. दोन फेऱ्या त्यांनी माझे पाय बघितले आणि म्हणाल्या, "तुमच्या पायांनाच माहीत नाही कुठे जायचंय, त्या बिचारीला कसं कळणार?" डॉक्टर एवढे हसले की त्यांचं कुत्रं घाबरून बोगद्यात गेलं, आणि तो त्याचा पहिला बोगदा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण. मग बाईंनी खडूने जमिनीवर माझ्या चपलांच्या आकाराची पावलं काढली आणि मला त्यांवर पाय ठेवत चालायला लावलं. एकवीस पावलं. घरी आल्यावर पोटऱ्या दुखत होत्या. पळून दुखल्या नव्हत्या कधी, ठरलेल्या जागी पाय ठेवून दुखल्या.

आता वाईट. तिसरी गोष्ट जमत नाही. बोलावणं. मी मैदानाच्या टोकाला उभा राहतो, तिला टेबलावर बसवतो आणि म्हणतो, "भिंगरी, ये." ती उठते. इथवर बरोबर. आणि सुसाट पळते ती फाटकाकडे. तिथे पाठ लावून बसते आणि आम्हा सगळ्यांकडे असं बघते जणू कुणीतरी चोरून निघालं होतं आणि तिने पकडलं. एकदा डॉक्टरांना दवाखाना उघडायचा होता, ती हलेना. शेवटी ते एवढे मोठे गृहस्थ कठड्यावरून उतरले. मऊ आवाजात 'ये' म्हणून बघितलं, खाऊ दाखवून म्हटलं, गुडघ्यावर बसून म्हटलं. बाईंनी स्वतः म्हणून बघितलं. फाटक. बाई म्हणाल्या, एकतीस कुत्री शिकवली, असं कोडं पहिलंच.

परवा, १६ ला परीक्षा. बाई कागदावर तीन चौकोन आखतात: बसते, थांबते, येते. जमलं की बरोबरची खूण आणि खाली सही. तीनही खुणा आल्या की कागद ताईला.

जमेल. कसं ते माहीत नाही, पण जमेल.

भाचा


१७ मार्च

ताई,

सोबत बाईंचा कागद आहे. पहिल्या चौकोनात खूण, दुसऱ्या चौकोनात खूण, तिसरा रिकामा.

परीक्षेत ती पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट होती. दांडे, सीसॉ, काठ्या, दोन मिनिटं टेबल. दोन मिनिटं, ताई. शेजारून डॉक्टरांचं कुत्रं गेलं तरी हलली नाही. मग मी 'ये' म्हटलं आणि ती फाटकाशी जाऊन बसली. बाईंनी तीनदा संधी दिली. तीनदा फाटक.

कागद घरी आणल्यावर तुझ्या बाबांच्या टेबलावर ठेवला. बाईंची शाई निळी, माझ्या पेनातलीही निळी. खूण म्हणजे काय, एक छोटी रेघ आणि एक मोठी. एक तास बघत बसलो होतो. केली नाही, ते तुला दिसतंच आहे. का सांगतोय, तर उरलेल्या दोन खुणा तरी खऱ्या आहेत हे तुला पटावं म्हणून.

एक महिना आणखी दे. पुढची परीक्षा तेव्हा आहे.

तुझा भाऊ


१९ मार्च

भटक्या,

कागद मिळाला. खूण केली नाहीस ते चांगलं केलंस, मला कळली असती. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात माझा दिवस जातो.

महिना देता येणार नाही. गोदामवाला थांबणार नाही, आणि तू तरी एक तारखेनंतर कुठे असणार आहेस? बोटी रंगवत. मग तिला वर्गाला नेणार कोण, बाबा? वॉकर घेऊन?

मी दुष्ट नाही. तुला वाटत असेल तर वाटू दे. त्या दिवशी मला फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईला खोकल्याचं औषध मोजून देत होते. तिथून बाबांपर्यंत पोचायला चार तास लागले. चार तास मी गाडीत बसून एकच हिशोब करत होते, की ते किती वेळ जमिनीवर पडून असतील. तो हिशोब मला पुन्हा करायचा नाही. जे कुत्रं बोलावल्यावर येत नाही, ते उद्या जिन्यात पायात आलं तर त्याला हाक मारून काय उपयोग?

गाडी ३० ला सकाळी दहा वाजता येईल. तिचा पट्टा, भांडं आणि तो दात मारलेला चेंडू एका पिशवीत बांधून ठेव. चेंडू त्यांना द्यायला सांग. मी येत नाही, दुकानात दुसरं कुणी नाही.

ताई


२० मार्च

बाळ,

ताईने कागद मला दाखवला. तिसरा चौकोन मी बराच वेळ बघितला. ती दुकानात गेली आहे, म्हणून सावकाश लिहितो.

भिंगरी पायात आली नव्हती. मी स्टुलावर चढलो होतो. वरच्या फळीवरचा कातडी पुठ्ठा काढायला. स्टूल डुगडुगतं हे मला ठाऊक होतं, ताईने दोनदा सांगितलं होतं की टाकून द्या, मी टाकलं नाही. भिंगरी तेव्हा अंगणात होती. मी पडल्याचा आवाज ऐकून आत आली, माझ्याशेजारी बसली आणि भुंकायला लागली. काही शहाणपणाने नव्हे. ती टपालवाल्यावर भुंकते, पातेल्यावर भुंकते. पण भुंकणं थांबेना म्हणून शेजारच्या काकू बघायला आल्या. तोवर अर्धा तासही झाला नव्हता.

काकूंनी माणसं बोलावून मला खाटेवर ठेवलं होतं, तिथे चार तासांनी ताई आली ती घाबरलेली. तिने भिंगरीला माझ्या पायाशी बघितलं आणि म्हणाली, हिच्यामुळेच ना? मी काही बोललो नाही. त्या वेळी दुखत होतं हे खरं. पण नंतर दुखणं कमी झालं तरी मी बोललो नाही. स्टुलाचं कळलं असतं तर ती म्हणाली असती, बाबा एकटे राहण्याजोगे उरले नाहीत. कामाची खोली बंद, यंत्र विकायचं, मी तिच्या तिसऱ्या मजल्यावर कायमचा. आम्हा दोघांपैकी कुणालातरी साखळी लागणार होती. मी तिची निवडली. लिहिताना बरं वाटत नाही, पण झालं ते असं.

मला वाटलं होतं तू कागद आणशील आणि मला काही बोलावं लागणार नाही.

तू विचारलं होतंस, दाराला पाठ लावून बसण्याचं खूळ कुठून आलं. मग मला उचलून दवाखान्यात नेत होते तेव्हा ती गाडीपर्यंत आली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "येतो गं." आपण तेच म्हणतो ना निघताना. त्यानंतर मी तिला दिसलेलो नाही. आधीही एक-दोनदा असंच. ताई सुट्टीला आली, 'येते' म्हणाली आणि गेली. तूही गेल्या खेपेस 'येतो' म्हणालास, ती तेव्हा एवढीशी होती. या घरात जो 'येतो' म्हणतो तो जातो, मग नुसतं 'ये' ऐकलं तरी ती दार अडवणारच. तिची काही चूक असेल असं मला वाटत नाही.

घरी परतताना मी फाटकातूनच ओरडायचो, 'आलो गं'. ती सवय तुझी मामी होती तेव्हापासूनची. मामी गेल्यावर ते बरीच वर्षं घशातच राहायचं. भिंगरी आली आणि पुन्हा सुटलं. ती जिथे असेल तिथून पळत यायची आणि पायाशी बसायची. बोलावायची कधी वेळच आली नाही.

हे ताईला सांगू नकोस.

मामा


२३ मार्च

मामा,

तुझं पत्र मी फाटकात उभं राहून वाचलं, मग पायरीवर बसून, मग भिंगरीला पट्टा लावला आणि थेट मैदानात गेलो. वर्ग नव्हता, बाई एकट्या दांडे रंगवत होत्या. (लाल-पांढरे. मला म्हणाल्या, रंगवायची एवढी हौस असेल तर हे रंगवा, बोटी कशाला.)

टेबलावर बसवलं. टोकाला गेलो. "भिंगरी, ये." फाटक. परत आणलं, परत बसवलं. आणि मग तुझ्यासारखा आवाज काढून, थोडा घोगरा, थोडा लांबवून म्हणालो, "आलो गं."

मामा, ती टेबलावरून उतरली नाही, सुटली. मधले दोन दांडे वाटेत नव्हते तरी ओलांडून आली. माझ्यापाशी आली, मग माझ्या मागे जाऊन बघितलं, डावीकडे, उजवीकडे. तू नव्हतास. तरी माझ्या पायाशी बसली. मीही खाली बसलो.

बाई हातात ब्रश घेऊन बघत होत्या. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कुत्र्याला बोलावताना 'मी आलो' म्हणणारं घर पहिल्यांदा पाहिलं. मग मी तोच कागद पुन्हा लिहून मागितला. त्या नाही म्हणाल्या. झालेल्या परीक्षेचे गुण बदलत नाहीत, पुढच्या महिन्यात या. गुडघे गेले तरी पीटीच्या बाई त्या. मी चिडलो नाही, तूही चिडू नकोस. मीसुद्धा ती खूण केली नव्हती.

त्यानंतर रोज वीस वेळा 'आलो' म्हणतो आणि ती वीस वेळा येते. दूध आणायला निघताना आता 'जातो' म्हणतो, आणि ती गोणपाटावरून मानही उचलत नाही. काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, असं बोलू नये रे, 'येतो' म्हणावं. त्यांना काय सांगणार.

आता मुद्द्याचं, आणि हे मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहितोय. स्टुलाचं ताईला तू सांग. मी सांगणार नाही. तू लिहिलंस म्हणून नव्हे. माझ्या तोंडून ऐकलं तर तिला वाटेल, कुत्रीला वाचवायला मी रचलं. माझी ख्याती तुला माहीत आहे. तू सांगितलंस तरच ते खरं ठरेल. न सांगितलंस तर ३० ला मी पिशवी बांधून तिला त्या गाडीत बसवीन, आणि ती बसेल, कारण बसवली तिथे बसायला मीच शिकवलंय.

तुला तिथे अडकवावं अशी माझी इच्छा नाही. पण भिंगरीने 'येतो' ऐकून काही चुकीचं समजून घेतलं नव्हतं. ते मला फार लागलंय. मी किती घरांतून 'येतो' म्हणून निघालो असेन, मोजायला बसलो आणि सोडून दिलं.

भाचा


२७ मार्च

बाळ,

सांगितलं. जेवण झाल्यावर, ती ताटं उचलत होती तेव्हा. स्टूल, पुठ्ठा, काकू, सगळं. ती ऐकत उभी राहिली. मग एकच विचारलं, "म्हणजे अर्धा तास?" मी म्हणालो, तेवढाही नाही, भिंगरी भुंकत होती. ती आत गेली आणि भांडी घासत बसली. दोन माणसांची भांडी पाऊण तास घासली.

तेव्हापासून बोलत नाही. औषध देते, पाणी देते, मागून चालते, बोलत नाही. गाडी रद्द केली का, असं आज विचारलं. माझ्याकडे बघितलं आणि दुकानात गेली. रद्द केली असं समजू नकोस. केली नाही असंही समजू नकोस. मला खरंच ठाऊक नाही.

तू पिशवी बांध, पण गाठ सुटेल अशी मार.

मामा


३० मार्च

मामा,

सव्वानऊ वाजले आहेत. तुझ्या टेबलावर लिहितोय. पिशवी बांधली. पट्टा, भांडं, चेंडू. गाठ तू सांगितलीस तशी. दुसरी एक पिशवी माझी, ती का बांधली ते विचारू नकोस. पहाटे वाटलं होतं, हिला घेऊन मागच्या दाराने निघावं आणि कुठेही जावं. मला जायला जागा नेहमीच सापडतात. मग बाईंची खडूची पावलं आठवली. ती मागच्या दाराकडे जात नव्हती. बोटीवाल्यांना काल कळवलंय की माझी वाट बघू नका. ते म्हणाले, बघतच नव्हतो. हे तुला सांगायचं म्हणून नाही, पण सांगून टाकतो.

भिंगरी यंत्राखाली आहे. तिला काही माहीत नाही, किंवा माहीत आहे. नकाशातली खुर्ची मी तिला दाखवली.

गाडी आली. दहाला पंधरा कमी आहेत, लवकर आली. निळी, मागे जाळी. हॉर्न वाजवतोय. मी उठत नाही.

ही ओळ अर्ध्या तासानंतरची आहे. नीट लिहायचा प्रयत्न करतो.

दोनदा हॉर्न झाला. मी भिंगरीचा पट्टा धरून कामाच्या खोलीच्या दारात उभा होतो. मग फाटकाची कडी वाजली आणि कुणीतरी हाक मारली, "आले गं."

तुझा आवाज नव्हता, कुणा बाईमाणसाचा होता. पण चाल तीच, शेवट तसाच लांबवलेला. पट्टा माझ्या हातातून गेला. मी मागे धावलो, कारण मला दिसत होतं काय होणार ते: दोन पाय छातीवर, माणूस खाली, सगळं संपलं. अंगणात पोचलो तर ताई फाटकाला पाठ लावून उभी, डोळे गच्च मिटलेले, पर्स छातीशी धरलेली. आणि तिच्या चपलांपासून वीतभर अंतरावर भिंगरी. बसलेली. नुसतं शेपूट जमीन झाडत होतं.

ताईने एक डोळा उघडला. म्हणाली, तोंडातून सवयीने गेलं, आईला हाक मारायचे तशी. मी म्हणालो, तिला तीच कळते. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. भिंगरी हलली नाही. मी मनात साठपर्यंत मोजलं.

मग ताईने हळूच विचारलं, "हिला आता काय म्हणायचं असतं?"

"चल म्हण."

"चल," ताई म्हणाली, आणि दोघी घरात गेल्या. पुढे ताई, मागे भिंगरी. पायात आली नाही.

गाडीवाला बाहेर खोळंबलाय आणि मी हे लिहितोय, कारण मला काय करायचं ते कळत नाही. ताई आत तुझ्या खोलीत सामान हलवतेय, भिंगरी तिच्यावर भुंकतेय. आत्ताच तिने आतून हाक मारली:

"भटक्या, ते डुगडुगणारं स्टूल कुठे ठेवलंय? गाडीवाल्याला म्हणावं थांब, न्यायचं सामान बदललंय."